घरी कोण आजारी आहे?

"'कृपया' खोडा."

सरांनी माझ्या हातातली नोटीस घेतली, वाचली, परत दिली आणि एवढंच म्हणाले. सकाळपासूनची ती माझी सहावी नोटीस होती. टाकाने, काळ्या शाईत, प्रत्येक अक्षर घोटून मी लिहिलं होतं : 'विद्यार्थ्यांनी कृपया एका बाकावर एकानेच बसावे.'

"सर, मधलाच शब्द खोडला तर कागद वाईट दिसेल."

"मग नवा कागद घ्या. 'कृपया' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, नाही ऐकलं तरी चालेल."

मी नवा कागद घेतला. मनात त्यांना काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सत्तावन्न साल होतं. मुलुंडला, लष्कराने सोडलेल्या तीन बराकींत आमचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि चारी बाजूंनी गवत. मी एम.ए. होऊन तिथे मराठी शिकवायला लागले होते, तेही हंगामी. सर गणिताचे. वयाने आमच्या सगळ्यांत मोठे, पन्नाशी ओलांडलेले, शिडशिडीत, आणि चेहरा असा की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. 'कसे आहात?' विचारलं तर ते खरंच सांगत. डावा गुडघा, उजवी दाढ, कालची झोप, सगळं. त्यामुळे त्यांना कुणी 'कसे आहात' विचारत नसे. शिपायापासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांना ते अहोजाहो करत, आणि दुपारचा डबा चिंचेखाली एकटे, उभ्याने खात.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि दहाव्या दिवशी फ्लूच्या साथीने बंद पडलं. वर्गात पन्नासातले वीस उरले होते, स्टाफरूममध्ये तर आम्ही चौघंच. पण बंद तरी किती दिवस ठेवणार? टर्म भरली नाही तर इंटरच्या मुलांना परीक्षेला बसता येणार नव्हतं. आमची मुलं काही बंगल्यांतली नव्हती. कुणी निर्वासितांच्या कँपातलं, कुणाचा बाप गिरणीत, कुणाच्या घरात शिकणारी पहिलीच मुलगी. एक वर्ष गेलं की बापाने हात धरून पोरीला बोहल्यावर उभी केलीच म्हणून समजा. म्हणून जुलैत कॉलेज उघडायचं असं संस्थेने ठरवलं.

त्या सभेत सरांनी एकामागून एक इतक्या हरकती घेतल्या की प्रिन्सिपल कंटाळून म्हणाले, "मग तुम्हीच करा ना ही व्यवस्था! तुमची कमिटी." आणि कमिटीत कुणीतरी हवं म्हणून माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या बाईंचं अक्षर चांगलं आहे."

झालं. अक्षर चांगलं असल्याचे भोग मी तेव्हापासून भोगतेय.

सरांनी पहिलं काय केलं असेल, तर सुतार बोलावून तिन्ही बराकींच्या खिडक्यांच्या झडपा बिजागऱ्यांसकट काढून टाकल्या. प्रिन्सिपल धावत आले.

"अहो, जुलै आहे! पाऊस आत येईल!"

"येईल की."

"मुलं भिजतील!"

"भिजलेलं वाळतं," सर म्हणाले. "झडपा ठेवल्या की कुणीतरी लावणारच. थंडी वाजली म्हणून, आवाज येतो म्हणून, वारा येतो म्हणून. वारा यावा म्हणूनच तर खिडकी असते." आणि सगळ्या झडपा त्यांनी एका खोलीत रचून कुलूप घातलं. किल्ली जानव्याला बांधली. ते जानवं ते एरवी वापरत नसत, किल्लीसाठी घातलं असावं असा माझा संशय आहे.

मग सम आणि विषम. सम रोलनंबरांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार यायचं. विषमांनी मंगळवार, गुरुवार, शनिवार. म्हणजे प्रत्येक तास आम्ही दोनदा घ्यायचा. स्टाफरूममध्ये जवळजवळ बंड झालं. इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, "एकच लढाई मी दोनदा हरू?" सर शांतपणे म्हणाले, "दोन्ही दिवस अगदी तेच शिकवा. विनोदासकट. नाहीतर विषमांवर अन्याय होईल." आणि ते खरंच व्हरांड्यात उभे राहून ऐकत. एका मंगळवारी मी आदल्या दिवशीचा एक किस्सा गाळला, तर तास संपल्यावर बाहेर येऊन म्हणाले, "बाई, तो वांग्याच्या भाजीचा प्रसंग राहिला."

अंतर मोजायला त्यांनी कापडवाल्याचा लोखंडी गज विकत आणला होता. तो घेऊन ते आवारात फिरत. दोन मुली डोक्याला डोकं लावून हसताना दिसल्या की मधे गज आडवा. "एक गज. हसा, पण एक गज." मुलं त्यांना 'गजराज' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "गजराज बरा," ते मला म्हणाले, "हत्तीला वाट देतात लोक."

त्यांना वेडा म्हणावं तर तेही जमत नसे, कारण वेड्याला सगळंच पटतं, ह्यांना काहीच पटत नसे. अध्यक्षांनी संस्थेतर्फे कापराच्या पुरचुंड्या पाठवल्या, गळ्यात बांधायला. सरांनी त्या उंदरांसाठी कपाटात टाकल्या. प्रिन्सिपलनी फिनेलचे डबे मागवले, तर म्हणाले, "फरशीला फ्लू होत नाही." कुणी मिठाच्या गुळण्या सुचवल्या, तर म्हणाले, "करा, दात चांगले राहतील." वर मला सांगितलं की साथ असेपर्यंत गाडीने यायचं नाही.

"सर, मी भांडुपला राहते!"

"एकच स्टेशन आहे. चाला."

मी चालले. जुलैच्या चिखलातून, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात निऱ्या, रोज जाऊन येऊन दोन तास. वहिनी म्हणायची, "तुझं कॉलेज आहे की पलटण गं?"

कँटीन चालवणारे मालवणकडचे गृहस्थ होते. सरांनी त्यांना मोठा हंडा लावून प्रत्येक कप उकळायला लावला. आठवड्याभरात ते कपांची टोपली घेऊन तणतणत कमिटीपुढे, म्हणजे माझ्यापुढे, आले. "बाईनू, बघा हां! उकळून उकळून सगळ्या कपांचे कान गळान पडले. आता लोकांनी चाय काय ओंजळीत पियाची?" मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "कान नसले तर कप उचलायला दोन हात लागतात. म्हणजे दुसऱ्या हाताने तोंड-नाक चोळता येत नाही. उत्तम झालं." हे मी कँटीनवाल्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

पण खरा तमाशा झाला तो कॉलेज उघडलं त्या सकाळी.

फाटकावर सरांनी प्रयोगशाळेतलं उंच स्टूल मांडलं होतं. त्यावर बसून ते येणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारत : "ताप आहे? घसा दुखतो? घरी कोण आजारी आहे?" 'हो' म्हणणारा दहा दिवसांसाठी परत. शेजारी दम्याचे म्हातारे शिपाईमामा उभे, आणि मी नावं लिहायला. मुलं वैतागली होती. एक जण म्हणाला, "सर, ताप तर तुमचाच आहे ना!" रांगेत हशा पिकला. सर म्हणाले, "तो दहा दिवसांत उतरत नाही. पुढचे प्रश्न?"

एवढ्यात अध्यक्षांची मोटार आली. अध्यक्षांनी हॉलमध्ये पूजा ठेवली होती. गुरुजी, नारळ, पाचशे माणसांचा प्रसाद. सरांनी ती पूजा आधीच गेटबाहेरच्या वडाखाली हलवली होती आणि त्यावरून अध्यक्ष आधीच तापले होते. मोटारीतून उतरून ते तरातरा फाटकाकडे आले, तर सरांनी गज आडवा धरला.

"ताप आहे?"

अध्यक्ष बघतच राहिले. "मला विचारता?"

"घसा?"

"अहो, मी..." अध्यक्ष खाकरले. आवाज चांगलाच बसला होता. सर त्यांच्याकडे एकटक बघत राहिले. मी मनात म्हटलं, वाट लागली. प्रिन्सिपल मागून हातवारे करून 'सोडा, सोडा' सांगत होते.

"आपण वडाखाली पूजा करा," सर म्हणाले. "आत यायचं ते घसा सुटल्यावर."

अध्यक्षांनी स्वतःच्या संस्थेच्या कॉलेजात त्या दिवशी पाऊल टाकलं नाही. वडाखाली पूजा करून, नारळ फोडून, कुणाशी एक शब्द न बोलता ते मोटारीत बसून निघून गेले. प्रिन्सिपलनी मला खोलीत बोलावून विचारलं, "तुम्ही त्यांना थांबवलं का नाही?" मी! हंगामी बाईने! थांबवायचं होतं गजाला!

मला त्या दिवसापासून सरांचा राग येऊ लागला तो वेगळ्या कारणाने. माझी कायम नेमणुकीची मुलाखत ऑगस्टमध्ये होती, आणि मुलाखत घेणाऱ्यांत अध्यक्ष होते. सरांच्या शेजारी वही घेऊन उभी असलेली मी त्यांनी पुरती बघितली होती.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी वहिनीला ताप भरला.

सकाळी मी उठले, तिला पेज करून दिली, कपाळावर घडी ठेवली. दादा म्हणाला, "तू जा. मी आहे घरी." मी इस्त्रीचं पातळ नेसले. रस्ताभर स्वतःला समजावत होते : मला स्वतःला काही होत नाहीये. घसा दुखत नाहीये. दहा दिवस घरी बसले तर मुलाखत गेली, आणि ही जागा गेली तर पुढच्या जूनमध्ये मी कुठे? दादाच्या एका खोलीत, त्याच्या गळ्यात?

फाटकावर सर स्टुलावर होते.

"ताप?"

"नाही."

"घसा?"

"नाही."

"घरी कोण आजारी आहे?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

आणि त्यांनी मला आत सोडलं. माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. अध्यक्षांना अडवणारा माणूस, वांग्याच्या भाजीचा हिशेब ठेवणारा माणूस, माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून मागच्याकडे वळला. एकदा जरी संशयाने बघितलं असतं ना, तर मी ते खोटं सुखाने पचवलं असतं.

प्रिन्सिपलांच्या खोलीबाहेर बाकांवर आम्ही तिघी उमेदवार होतो. एक गोरेगावहून आलेल्या, एक मुलुंडच्याच. कँटीनवाल्यांनी बिनकानाच्या कपांतून चहा आणून दिला. शिपाईमामा फाटकावरून मुद्दाम आले, माझ्याजवळ टेकले आणि म्हणाले, "बाई, पोस्ट मिळाली की पेढे हवेत हां." बोलता बोलता त्यांना धाप लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ते हसत होते आणि श्वास ओढत होते. मी त्यांच्यापासून सरकले. आणखी सरकले. मग उठलेच आणि सरळ फाटकावर गेले.

"सर, मी खोटं बोलले. वहिनीला कालपासून ताप आहे."

मला वाटलं, आता फाडून खातील. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"किती वेळ झाला आत जाऊन?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

"कुणाकुणाजवळ गेलात?"

मी सांगितलं. शिपाईमामा, कँटीनवाले, दोघी उमेदवार. त्यांनी माझ्या वहीत, माझ्याच दौतीतून नावं लिहिली आणि शेवटी स्वतःचं लिहिलं. "मी पण. इथे बोललात तेव्हा गजाच्या आत होतात." मग मला वडाखाली उभं राहायला सांगून ते प्रिन्सिपलांच्या खोलीच्या खिडकीबाहेर जाऊन उभे राहिले.

पुढे तिथे काय झालं ते मला प्रिन्सिपलनी नंतर सांगितलं. सर म्हणाले, मुलाखत दहा दिवस पुढे ढकला. अध्यक्ष म्हणाले, अजिबात नाही. ज्या बाई खोटं बोलल्या त्यांची मुलाखतच नको. सर म्हणाले, "खोटं बोलल्या ते फाटकावर. खरं बोलल्या ते स्वतःहून. तुम्ही कोणतं मोजणार?" अध्यक्ष पुढ्यातले कागद चाळायला लागले. मग सर म्हणाले, "मुलाखत मैदानावर घ्या. मी अंतर मोजून देतो."

आणि त्यांनी दिलं! व्हॉलीबॉलच्या मैदानाच्या एका टोकाला टेबल मांडून मंडळी बसली, दुसऱ्या टोकाला मी उभी. मधे जाळं. न्याय म्हणजे न्याय, म्हणून बाकीच्या दोघींनाही तसंच उभं केलं. गोरेगावच्या बाईंचा आवाज इतका नाजूक की टेबलापर्यंत पोचेचना. त्या दोन उत्तरं देऊन संतापाने निघून गेल्या. त्यांचं काय चुकलं होतं? आजही आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझी पाळी आली. अध्यक्षांचा घसा आता दुखत नव्हता, पण आवाज अजून पुरता सुटला नव्हता. ते प्रश्न कुजबुजत, आणि प्रिन्सिपल उभे राहून तो माझ्याकडे ओरडत.

"ओवी आणि अभंग! फरक सांगा!"

मी ओरडून फरक सांगितला. झडपा नसलेल्या खिडक्यांतून विषम रोलनंबर सगळे बाहेर डोकावत होते. मागच्या बाकावरचा कुणीतरी "बाई, मोठ्याने!" म्हणाला. मग मला काय झालं कुणास ठाऊक. लाज, राग, दोन महिन्यांचा चिखल, सगळं एकदम वर आलं. मी पदर खोचला आणि त्या मैदानावर अर्धा तास अशी शिकवत राहिले की तसं पुन्हा कधी शिकवलं नाही. चालीवर ओव्या म्हणून दाखवल्या. कँटीनवाले हंड्यापाशी हातातला कप विसरून उभे होते. संपलं तेव्हा खिडक्यांतून टाळ्या पडल्या, आणि सर गज उगारून "खिडकीत एक गज!" म्हणून तिकडे धावले.

तिसऱ्या दिवशी मला ताप भरला.

संध्याकाळी साडेपाचला आमच्या चाळीसमोरच्या रस्त्यावरून खणखणीत हाक आली, "बाई! ताप किती?"

मी उशीत तोंड खुपसलं. दादा गॅलरीत गेला. खाली रस्त्याच्या पलीकडे सर, हातात गज. दादा खालच्या आवाजात म्हणाला, "वर या ना." सर तिथूनच ओरडले, "नाही! ताप किती?"

"एकशे दोन," दादा म्हणाला.

"ऐकू येत नाही!"

"एकशे दोन!"

अख्ख्या चाळीला माझा ताप कळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मुलुंडहून भांडुपला चालत यायचे, रस्त्यात उभं राहून ताप विचारायचे, बातमी द्यायची आणि परत. "शिपाईमामा ठीक! कँटीनवाले ठीक! मुलुंडच्या उमेदवार ठीक, पण दार उघडत नाहीत! गोरेगावला उत्तरासाठी जोडकार्ड टाकलंय!" चौथ्या दिवसापासून शेजारीण काकू साडेपाचला गॅलरीत येऊन बसायच्या आणि आत वाकून मला सांगायच्या, "आला गं तुझा तापवाला." पाचव्या दिवशी तर सरांनी विचारायच्या आत वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "आज शंभरच आहे, मास्तर! पेज खाल्ली!"

मी वैतागून रडले. आजारी माणसाला लपून आजारी पडायचीसुद्धा सोय नाही!

बरी होऊन कॉलेजात गेले तेव्हा कळलं की मुलाखतीच्या दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस सरांनी फाटकाच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं. यादीतल्या सगळ्यांना घरी बसवलं होतं, आणि त्यात स्वतःचंही नाव होतं ना! बराकीच्या मागे कुंपणाबाहेर, गवतात, रेनकोट घालून उभे राहून ते खिडकीतून गणित शिकवत होते. आत फळ्याशी एका मुलीला उभं केलेलं. हे बाहेरून सांगणार, ती लिहिणार. "वर्गमूळ! चिन्ह विसरलात!" पुढे ती मुलगी गणितातच बी.ए. झाली. माझ्या यादीतलं कुणी आजारी पडलं नाही. गोरेगावहून जोडकार्डाचं उत्तर आलं, त्यावर एकच ओळ होती : 'मी बरी आहे. पुन्हा लिहू नये.' सरांनी ते मला दाखवलं आणि समाधानाने म्हणाले, "बऱ्या आहेत."

दिवाळीनंतर साथ ओसरली. आमच्या कॉलेजात वर्ग पुन्हा एक दिवसही बंद ठेवावा लागला नाही. मुलांची टर्म भरली. स्टाफच्या सभेला अध्यक्ष आले. त्यांनी परमेश्वराचे आभार मानले, प्रिन्सिपलांचे मानले, फिनेलचेही मानले म्हणायला हरकत नाही. मग सरांकडे बघून हसत म्हणाले, "बघा, काहीच झालं नाही! आपण उगाच केवढा बाऊ केला होता."

सगळे हसले. मी सरांकडे पाहिलं. आता हा माणूस उठेल आणि तीन तास हरकती घेईल, असं मला वाटलं. मनातून तेच हवं होतं. सर म्हणाले, "झडपा उद्या बसवून घेतो." बस्स.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागे धावले. "सर, तुम्ही बोलला का नाहीत? मला 'कृपया' लिहू देत नाही, आणि तिथे गप्प बसता?"

"काय बोलायचं? काही झालं नाही, हे खरंच आहे."

"पण ते का झालं नाही?"

"ते सिद्ध करता येत नाही," असं म्हणून ते चिंचेखाली डबा खायला गेले. असा संताप झाला माझा!

नेमणुकीचं पत्र मला त्याच महिन्यात मिळालं. माझ्या विद्वत्तेमुळे की आवाजामुळे, ते मी विचारलं नाही. शिपाईमामांना पेढे दिले, कँटीनवाल्यांना दिले. सर त्या दिवशी आले नव्हते, म्हणून पुडा घेऊन पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. स्टेशनच्या पलीकडे, तळमजल्यावर एक खोली आणि मागे गॅलरी. सर एकटे असतात असंच आम्ही धरून चाललो होतो.

दार उघडं होतं. आत खाटेवर एक हडकलेले म्हातारे बसले होते. सर मागे स्वयंपाकाच्या ओट्याशी काहीतरी ढवळत होते.

"कोण गो तू?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सर वळून म्हणाले, "माझे काका," आणि पुन्हा ढवळायला लागले.

"काका म्हणा," म्हातारे म्हणाले, "पण ह्येच्याशी मी बोलनंय नाय." माझी आई मालवणकडचीच, त्यामुळे मला बोली कळत होती. मी काही विचारायच्या आतच त्यांनी सांगायला सुरुवात केली. मागची मोठी साथ, अठरा सालची, आली तेव्हा ते मुंबईत गिरणीत होते. ताप अंगात घेऊन बोटीने गावी गेले. "ह्येच्या बापाशीन, माझ्या सख्ख्या भावान, माका घरात घेतल्यान नाय. शेतातल्या मांगरात, गुरांच्या खोपीत ठेवल्यान. पंधरा दिस. पेज आणून लांब दगडार ठेवी आणि पाठ फिरवून जाय. ह्यो तेवा एवढोसो. दारातसून बघी."

"पण काका, तुम्ही वाचलात ना? आणि घरातले?"

"सगळे जगले. मीय जगलंय. म्हणानच तर राग. मेलंय असतंय तर राग धरूक कोण रवलो असतो?" त्यांनी मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. "भावाचो राग आजाराचो नाय गो. एकदा तरी लांबसून हाक मारून 'कसो आसस रे' म्हणान इचारूचा होता. नाय इचारल्यान."

त्यानंतर ते भावाच्या घरी कधी गेले नाहीत. भाऊ वारला तरी नाही. म्हातारपणी गिरणीच्या चाळीत एकटे पडले होते, तेव्हा दोन वर्षांपूर्वी पुतण्याने त्यांना उचलून इथे आणलं. तेव्हापासून दोघं एका खोलीत राहत होते आणि काका त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. साथीच्या दिवसांत पुतण्या स्वतः गॅलरीत झोपला आणि ह्यांची पेज उंबऱ्यावर ठेवू लागला. "बापाचोच झील, बापासारखोच," काका म्हणाले. "फक्त ह्यो सकाळ-संध्याकाळ इचारी, कसा वाटता, कसा वाटता. डोक्याक ताप!"

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"मी कित्याक सांगतंय? मी भिंतीकडे तोंड करून खोकी. खोकलंय नाय तर ह्यो उंबऱ्यार उभोच. मग झोपाक तरी मिळाचा म्हणान खोकी."

सर पेजेची थाळी घेऊन आले आणि खाटेवर ठेवली. मी पुडा सोडला.

"बाई, त्यांना सांगा," सर म्हणाले, "पेढा एकच. साखरेचा त्रास आहे."

"गो, तेका सांग," काका म्हणाले, "मी दोन खातलंय."

दोघांच्या मधे एक गजसुद्धा अंतर नव्हतं. मी उभी होते, हातात पेढे. ह्या घरातसुद्धा माझी कमिटीच!

"सर, ते दोन खाणार म्हणतात."

सरांनी विचार केला. "मग पेज अर्धी घ्या म्हणावं."

काकांनी थाळीतली पेज चमच्याने बरोबर निम्मी केली, अर्धी एका बाजूला लोटली आणि दोन पेढे उचलले. तिसरा उचलून थाळीच्या कडेला, पुतण्याच्या बाजूला ठेवला. सरांनी तो उभ्यानेच खाल्ला.